झोपेचं औषध नको, रात्रीची वाटणी हवी

तान्ह्या बाळाच्या घरात रात्री दोन वाजता जे उपाय होतात, त्यातले बरेचसे बाळासाठी नसतात; दमलेल्या मोठ्यांसाठी असतात. जायफळाचा एखादा वेढा जास्त, ग्राइप वॉटरचा अर्धा चमचा, सर्दीच्या औषधाचे चार थेंब, आणि काहीच जमलं नाही तर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट. दृष्ट काढल्यानं निदान पोटात काही जात नाही. बाकीचं जातं, म्हणून त्याविषयी सावध करावंसं वाटतं. माझं म्हणणं असं, की पहिल्या काही महिन्यांत बाळाचं रात्री उठणं हे दुखणं नाही आणि ते थांबवायला औषधही नाही. उपाय करता येतो तो आईच्या झोपेवर, आणि तो घरातल्या माणसांच्या हातात असतो.

आधी बाळाची बाजू पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसभरात १४ ते १७ तास झोप लागते. म्हणजे बाळ कमी झोपत नाही, तुकड्यातुकड्यांत झोपतं. पोट लहान, अंगावरचं दूध चटकन पचणारं, त्यामुळे दोन-तीन तासांनी भूक लागणारच. दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे शरीराला कळायला साधारण दोन-तीन महिने जातात. त्यानंतरही सगळी बाळं रात्रभर झोपतात असं नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ साली ३८८ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती, आणि वर्षाची झाल्यावरही २८ टक्क्यांची तीच गत होती. या बाळांच्या वाढीत काही उणं आढळलं नाही. तेव्हा शेजारणीचं बाळ रात्रभर झोपतं म्हणून आपल्या बाळात खोट काढायचं कारण नाही.

मग ‘अमुक दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून गुण आला’ असं इतक्या बायका खात्रीनं का सांगतात? त्या खोटं बोलत नाहीत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी मांडल्या. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचतं आणि मग आपोआप उतरतं, असं त्यात दिसलं. आता हिशेब करा. घरचे उपाय शोधायला कधी लागतात? रडणं असह्य झाल्यावर, म्हणजे नेमकं उतार सुरू व्हायच्या तोंडावर. त्या आठवड्यात जे काही पाजलं जाईल त्याला यश मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि पुढच्या बाळंतिणीला कावळ्याची शिफारस होते.

शिफारस निरुपद्रवी असती तर हरकत नव्हती. पण सहाणेवर जायफळाचा ‘एक वेढा’ म्हणजे किती, हे घासणाऱ्या हाताच्या जोरावर ठरतं. आजीचा वेढा वेगळा, घाईत असलेल्या मावशींचा वेगळा. जायफळानं गुंगी येते म्हणूनच ते देतात, आणि मात्रा चुकली तर तेच बाधतं. गुटी मधात चाटवली तर आणखी एक धोका: वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सर्दी-खोकल्याच्या औषधांबद्दल तर ऑक्टोबर २०२५मध्ये, मध्य प्रदेशात विषारी सिरपनं मुलं दगावल्यावर, केंद्रानं स्पष्ट बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत. मुंबईला हा धडा जुना आहे. १९२२ साली डॉ. बार्न्स यांनी गिरण्यांतल्या कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याची नोंद केली. ‘बाळगोळी’ म्हणून ती मिळायची. त्या आया निर्दय नव्हत्या. झोपेची गरज बाळाची नव्हती, गिरणीच्या भोंग्याची होती.

‘आमच्या पिढ्या गुटीवरच वाढल्या’ हा आक्षेप येतोच. वाढल्या, त्याच हे सांगायला आहेत. १९५१च्या सुमाराला देशात हजारातली १४६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. त्याचं खापर गुटीवर फोडणं अन्यायाचं होईल. पण जगलेल्यांच्या साक्षीवरून एखादी गोष्ट निर्धोक ठरवणंही तितकंच चुकीचं आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हा नियम गुटीलाही लागू आहे. जुन्यातलं घ्यायचं तर बाळंतिणीचा सव्वा महिना घ्या. त्यात शहाणपण होतं: आईनं फक्त पाजावं, बाकीचं इतरांनी करावं.

तीच वाटणी आज मुद्दाम करावी लागते. आईला सलग चार-पाच तास झोप मिळेल असा एक तुकडा रोज राखून ठेवा. समजा रात्री नऊ ते दोन. त्या वेळात काढून ठेवलेलं दूध वडिलांनी किंवा आजीनं वाटी-चमच्यानं पाजावं. ते जमत नसेल तर बाळाला पाजण्यापुरतं आईजवळ द्यावं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं दुसऱ्यानं करावं. रात्रीच्या पाजण्याला मंद दिवा, गप्पा नाहीत, मोबाइल नाही. सकाळी पडदे उघडून भरपूर उजेड. बाळ उताणं, घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपवावं. राईची उशीही नको. पेंगत असताना बाळाला घेऊन सोफ्यावर बसू नये, कारण तिथे डोळा लागणं सर्वांत धोक्याचं.

‘त्याला सकाळी कामावर जायचं असतं,’ असं यावर म्हटलं जातं. खरं आहे. पण घरी राहणारी बाई दिवसभर एका जिवाची जबाबदारी पेलते, तेही कामच आहे. झोपेच्या तारेत झालेली चूक तिथेही महागात पडते. ‘रडू द्यावं, सवय लागते’ असं म्हणणाऱ्यांचंही अगदीच चूक नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला हळूहळू आपलं आपण झोपायला शिकवल्यास काही घरांत फरक पडतो, आणि ऑस्ट्रेलियातल्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात अशा मुलांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. मात्र दोन महिन्यांच्या भुकेल्या बाळाला हा न्याय लावता येत नाही.

धीर धरायचा तो निरोगी बाळाबाबत. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढणं बंद, लघवी कमी, हिरवी उलटी, मलूलपणा किंवा नेहमीपेक्षा वेगळं किंचाळणं दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि आईकडेही लक्ष असू द्या. बाळ झोपलेलं असताना, वेळ असूनही तिला झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, तर ‘बाळंतपणात होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नका. आशाताईंना, डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो. बाळाचं रात्रीचं उठणं वाढत्या महिन्यांबरोबर कमी होत जाईल. आईच्या थकव्याला मात्र तशी मुदत नसते, त्यामुळे कोणत्या रात्री कोण उठणार हे बाळ घरी येण्याआधीच ठरवून ठेवा.