पोथी आणि पाठ

ग्रंथ छापला म्हणजे परंपरा टिकली, असे आपण सहज मानतो. मला ते पटत नाही. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या गोव्यात निघाल्या, त्यांतली एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच बंदी आणली. तरीही सुमारे ११,००० ओव्या टिकल्या. कारण कॅथलिक भाविक त्या हाताने उतरवीत व गात राहिले. त्याच नकलांवरून १९०७ मध्ये मंगळुरात ग्रंथ पुन्हा छापला गेला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रेव्हरंड टिळकांची भजने उपासनेत म्हटली जातात, म्हणूनच ती जिवंत आहेत. पंथ भिन्न, मार्ग एकच! घरातली मुले या गाण्यांपासून दुरावली, तर छापील पुस्तके केवळ अभ्यासकांपुरती उरतील.