किंख्रियाची फिबी



रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुधा भरभर वाचून संपवतो. त्यात नावांची लांबलचक यादी आहे. पण या यादीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या दोन वचनांत, ग्रीस देशातील एका लहान गावाच्या ख्रिस्तसभेची आठवण जपलेली आहे. ते गाव म्हणजे किंख्रिया.

करिंथ शहराला दोन बंदरे होती. लेखायोन बंदरातून जहाजे इटलीकडे जात, तर किंख्रियातून आशिया, सिरिया आणि इजिप्तकडे. संत पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला आणि परतताना येथूनच प्रिस्किल्ला व अक्विला यांच्यासह जहाजात बसला. नवस असल्यामुळे त्याने येथे केस कापून घेतले, असे प्रेषितांची कृत्ये १८:१८ मध्ये आपण वाचतो.

आज तेथे केख्रिएस नावाचे समुद्रकाठचे छोटे गाव आहे. जुन्या बंदराचा काही भाग पाण्याखाली गेला आहे. १९६३ पासून अमेरिकन संशोधकांनी तेथे उत्खनन केले. दक्षिणेकडील धक्क्यावर प्राचीन चर्चचे अवशेष मिळाले. तसेच पेट्यांत भरून ठेवलेली रंगीत काचचित्रे सापडली, शंभराहून अधिक! चौथ्या शतकात ती तेथे आणली गेली, पण भिंतीवर बसवण्यापूर्वीच भूकंप झाला आणि पेट्या बंदच राहिल्या.

या चर्चच्या कितीतरी आधी, सुमारे इ. स. ५७ मध्ये, पौलाने रोमकरांस पत्र लिहिले. तेव्हा भाविक एकमेकांच्या घरी जमत. किंख्रियाच्या मंडळीविषयी सांगताना पौल फिबीचे नाव घेतो. तो तिला आपली बहीण म्हणतो, तेथील ख्रिस्तसभेची सेविका म्हणतो. सेवेसाठी त्याने वापरलेला ‘दियाकोनोस’ हा ग्रीक शब्द तो स्वतःसाठीही वापरतो. तिने पुष्कळांना, आणि मलाही, साहाय्य केले अशी कबुली तो देतो. हे थोर पत्र रोमला तिनेच पोचवले असावे, असे बायबलचे अभ्यासक मानतात. १४ फेब्रुवारी २००७ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आरंभीच्या ख्रिस्तसभेतील स्त्रियांविषयी बोलताना फिबीचा आवर्जून उल्लेख केला होता.

पौल तिची नुसती स्तुती करून थांबत नाही. तिचे स्वागत करा आणि तिला जे लागेल ते द्या, अशी विनंती तो रोमच्या भाविकांना करतो. इथेच आपण अडखळतो. वेदीवरची फुले, मुलांचे धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी हे सारे आपल्या धर्मग्रामातील भगिनी वर्षानुवर्षे करतात. आपण त्यांचे आभार मानतो, टाळ्या वाजवतो. पण त्यांच्यावर अडचण आली, तर किती जण त्यांच्या दारी जातो? त्यांचे मत किती वेळा विचारतो? कित्येकींची देणगी त्या काचचित्रांसारखी पेटीतच राहून जाते.

चिंतनासाठी:
१. आपल्या वाडीतील फिबी कोण?
२. तिला आज कशाची गरज आहे? आपण तिला कधी विचारले आहे का?
३. माझी कोणती देणगी अजून पेटीत बंद आहे?

या आठवड्यात घरच्या प्रार्थनेच्या वेळी रोम १६:१-२ एकत्र वाचू या आणि अशा एका भगिनीला भेटून येऊ या.