इतिहासाच्या सराव पाठात परिसराचे स्थान

इतिहास हा रुक्ष विषय आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वस्तुतः ही रुक्षता विषयात नसून बहुधा अध्यापनात असते. सुरत शहराच्या उत्तरेस, तापीपलीकडे वसलेल्या कोसाड येथे मराठी माध्यमाच्या एका वर्गावर छात्राध्यापिकेने घेतलेले ‘मिठाचा सत्याग्रह’ या घटकावरील दोन सराव पाठ या दृष्टीने उद्‌बोधक ठरावेत. वर्गातील बहुतेक मुले पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेल्या कुटुंबांतील होती.

पहिला पाठ कथनपद्धतीने झाला. 12 मार्च 1930 रोजी महात्मा गांधी 78 सहकाऱ्यांसह साबरमती आश्रमातून निघाले, सुमारे 385 किलोमीटर चालून 5 एप्रिलला दांडीस पोहोचले आणि 6 एप्रिलला त्यांनी मिठाचा कायदा मोडला, एवढे मुलांनी बिनचूक सांगितले. मात्र ‘मिठासाठी इतके चालायचे कशाला?’ हा एका मुलाचा प्रश्न तसाच राहिला. मार्गदर्शक अध्यापकांनी पुढील पाठाचे टाचण त्या प्रश्नावरच बेतण्याची सूचना केली.

दुसऱ्या पाठाच्या आरंभी फलकावर सुरत जिल्ह्याचा रेखानकाशा काढण्यात आला. मुलांनी त्यात प्रथम कोसाड दाखविले. नंतर ओलपाड तालुक्यातील भटगाम व सायणजवळचे देलाड ही गावे दाखविली. याच बाजूने येऊन यात्रा 1 एप्रिलला सुरतेस पोहोचली, हे कळताच वर्गाची उत्सुकता जागी झाली.

त्यानंतर गांधीजींनी 2 मार्च 1930 रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रातील आकडे फलकावर आले. व्हाइसरॉयचे मासिक वेतन 21,000 रुपये, म्हणजे दिवसाला सातशे. भारतीयाचे सरासरी दैनिक उत्पन्न दोन आण्यांहूनही कमी. रुपयाचे सोळा आणे या हिशेबाने मुलांनी गुणाकार केला आणि हे अंतर पाच हजार पटींहून अधिक असल्याचे स्वतःच शोधून काढले. मीठ तर गरिबालाही श्रीमंताइतकेच लागते. तेव्हा त्यावरील कर कोणास अधिक जाचतो, हे निराळे सांगावे लागले नाही.

पाठाचा गाभा भटगामच्या प्रसंगात होता. 29 मार्चला तेथील सभेत गांधीजींनी आपल्याच पथकाला बोल लावला होता. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणले जात होते. रात्री मजुराच्या डोक्यावर जड किटसन बत्ती देऊन त्याला चालविले जात होते. आपणच असे राहू लागलो, तर व्हाइसरॉयच्या वेतनावर बोट ठेवण्याचा अधिकार आपणांस कसा राहील, असा त्यांचा आशय होता.

या प्रसंगावर वर्गाचे दोन गट करण्यात आले : गावकऱ्यांचा व सत्याग्रहींचा. ‘लोकांनी प्रेमाने दिलेले नाकारणे योग्य आहे काय?’ असे पहिल्या गटाने विचारले. ‘बत्ती वाहणाऱ्याला कोणी विचारले होते का?’ असा प्रतिप्रश्न दुसऱ्या गटातील एका मुलीने केला. छात्राध्यापिकेने निर्णय दिला नाही. दोन्ही बाजू फलकावर लिहून ठेवल्या. उपयोजनात मुलांना आपापल्या घराचा मिठाचा महिन्याचा खर्च विचारून येण्यास सांगण्यात आले. साबरमतीहून निघालेल्या पथकात पंडित नारायण मोरेश्वर खरे हे मराठी संगीतज्ञ होते आणि त्याच वर्षी कोकणात शिरोडे येथेही मिठाचा सत्याग्रह झाला, ही माहिती देऊन पाठ संपला.

या अनुभवावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. परिसरातील स्थळ हा पाठाचा प्रवेश असावा, अलंकार नव्हे. नाट्यीकरणात वेशभूषेपेक्षा युक्तिवादाला महत्त्व असावे. आणि थोर पुरुषांच्या चळवळीतील उणिवा, त्यांनी स्वतः दाखविल्या असतील तर, विद्यार्थ्यांपासून झाकून ठेवू नयेत. वर्गातील गलबला म्हणजे जिवंतपणा नव्हे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला पाठात जागा मिळणे हे जिवंतपणाचे खरे लक्षण होय.