दुकानातील संगणक मध्येच बंद का पडतो?

बारामती-इंदापूर भागात आता किराणा दुकानापासून डाळिंबाच्या आडतीपर्यंत आणि शिलाईकामापासून गॅरेजपर्यंत बिल, उधारी व जीएसटीचा हिशोब संगणकावर होतो. त्यामुळे एक तक्रार सतत ऐकू येते. संगणक दोन दिवस नीट चालतो आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभे असताना पडदा काळा होतो. दुरुस्तीला न्यावा, तर तिथे तो तासभर बिनतक्रार चालतो! मग कोणी म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. कोणी म्हणतो जुना झाला, नवा घ्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होतो. पैसे जातात, दोष तसाच राहतो आणि फॉरमॅटच्या नादात वर्षभराची उधारीही पुसली जाते.

व्यापारी बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्र विनाकारण बंद पडत नाही. ते 'केव्हाही' बंद पडते असे वाटते, कारण आपण त्याची नोंद ठेवत नाही. दुरुस्तीवाल्याकडे ते नीट चालले, तर हाच मोठा पुरावा समजावा. तिथे वीज वेगळी, प्लग वेगळा, युपीएस वेगळा, प्रिंटर जोडलेला नाही. म्हणजे दोष कदाचित आपल्या दुकानातच राहिला आहे.

आधी हिशोब वाचवा

काहीही उघडण्यापूर्वी हिशोबाची प्रत काढावी. एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी, घरी किंवा इंटरनेटवरील खात्यात. पेनड्राइव्ह संगणकालाच लावून ठेवू नये. काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का, हेही पाहावे. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाच्या वह्या आणि नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. संगणक बिघडला, हे त्यावरचे उत्तर होत नाही.

आठ दिवसांची नोंद

गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. संगणक बंद पडला की तारीख, वेळ, त्या क्षणी चाललेले काम, दुकानात किंवा शेजारी सुरू असलेले यंत्र आणि पडद्यावर काय दिसले ते लिहावे. अक्षरे दिसली तर मोबाइलवर फोटो काढावा. आठ दिवसांत बहुधा काहीतरी मेळ दिसू लागतो.

समजा, इंदापूरच्या बाजारपेठेतील एका कापड दुकानात संगणक दिवसातून तीनदा बंद पडतो. वहीत पाहिले तर तिन्ही वेळा बिल छापायला दिले होते. लेझर प्रिंटर आतला रूळ तापवताना एकदम मोठी वीज ओढतो. तो संगणकाच्याच लहान युपीएसवर जोडला असेल तर युपीएसला तो भार पेलत नाही आणि सगळेच बंद पडते. प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगवर जोडला की काम झाले. खर्च शून्य. वही नसती तर याच दुकानदाराने नवा संगणक घेतला असता आणि तोही तसाच बंद पडला असता.

चार तऱ्हा ओळखा

१) वायर उपटल्यासारखा क्षणात बंद. संशय वीज, युपीएस, संगणकातील पॉवर सप्लाय किंवा उष्णता यांवर.

२) आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. बऱ्याचदा निळा पडदा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) येऊन गेलेला असतो, पण दिसत नाही. विंडोजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' मध्ये 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' वरील खूण काढावी, म्हणजे पडदा थांबतो आणि त्यावरील शब्द उतरवून घेता येतात.

३) पडदा गोठतो, माऊस हलत नाही. संशय डिस्क, रॅम किंवा उष्णता.

४) एकच प्रोग्राम बंद पडतो, बाकी सर्व चालू. दोष त्या प्रोग्राममध्ये किंवा त्याच्या फाइलमध्ये. यासाठी संगणक उघडण्याची गरज नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली की काहीजण लगेच पॉवर सप्लाय बदलतात. ती नोंद इतकेच सांगते की संगणक नीट शटडाऊन न होता बंद पडला. कारण सांगत नाही.

पहिला संशय विजेवर

आपल्या भागात तपासाची सुरुवात विजेपासून करणे शहाणपणाचे. शेजारी वेल्डिंग, पिठाची गिरणी किंवा लाकूड कापण्याचे यंत्र त्याच लाइनवर सुरू झाले की दाब क्षणभर खाली येतो. दिवे मिचकतात, हीच खूण. वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील तर प्लग काढून ठेवलेला बरा.

युपीएसची परीक्षा सोपी आहे. हिशोबाचा प्रोग्राम बंद करून युपीएसचा भिंतीवरील प्लग काढावा. संगणक लगेच बंद पडला तर बहुधा बॅटरी संपली आहे. ही बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे टिकते, उष्ण जागेत त्याहून कमी.

अर्थिंगही पाहावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा उपयोग राहत नाही. त्यात पाणी घालत जावे आणि वायरमनकडून न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असलेला चांगला.

मग उष्णता आणि धूळ

एप्रिल-मे महिन्यांत बारामतीत पारा चाळिशीच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडखाली, बंद कपाटात ठेवलेल्या संगणकाची काय गत होत असेल? प्रोसेसर फार तापला की तो आधी मंद होतो आणि तरीही उष्णता वाढली तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद करतो. दुपारी बंद पडतो आणि सकाळी चालतो, असे वहीत दिसले तर कारण हेच समजावे.

फर्निचरच्या कारखान्यातील भुसा, शिलाईच्या दुकानातील कापसाचे तंतू, पिठाची धूळ पंख्यावर आणि जाळीवर थर करतात. प्लग काढून, झाकण उघडून, मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने साफ करावे. ब्लोअर वापरताना पंखा बोटाने धरून ठेवावा. संगणक भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ जीवघेणा दाब राहू शकतो.

आतील भाग

वीज आणि उष्णता ठीक असतील तरच आत वळावे. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ही रॅमची तपासणी विंडोजमध्येच असते, ती रात्री लावून ठेवावी. दोन रॅम असतील तर एक काढून दोन दिवस चालवावे, मग दुसरी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडायला फार वेळ लागत असेल तर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवण्याआधी सर्व मजकूर दुसरीकडे उतरवावा. मरणाऱ्या डिस्कला जास्त पळवले की ती लवकर जाते.

रोज सकाळी तारीख जुनी दिसत असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी बदलावी. किंमत किरकोळ, पण चुकीच्या तारखेची बिले निघाली की निस्तरणे अवघड.

दोष यंत्राचा नसतो तेव्हा

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट आले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या संगणकांचा एकही भाग बिघडला नव्हता. म्हणून बिघाड सुरू होण्यापूर्वी काय नवीन घातले, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि ते काढून पाहावे.

उलट उदाहरणही आहे. इंटेलने २०२४ मध्ये आपल्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे मान्य केले, बायोसचे अपडेट दिले आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढील नुकसान टळते, झालेले भरून येत नाही. असा प्रोसेसर असेल तर बिल शोधून ठेवावे.

एका वेळी एकच बदल

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दोन-तीन दिवस पाहावे आणि वहीत लिहावे. एकाच दिवशी रॅम, सप्लाय आणि विंडोज तिन्ही बदलले, तर संगणक सुरू झाला तरी दोष कोठे होता ते कळत नाही आणि तीन वस्तूंचे पैसे गेलेले असतात.

दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच तर ही वही सोबत न्यावी. 'फॉरमॅट करण्यापूर्वी विचारावे' असे चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. चांगल्या कारागिराला अशा गिऱ्हाइकाचा राग येत नाही. त्याचे निम्मे काम आपणच करून दिलेले असते.