पाहुणे म्हणून पाठवू नका

फेब्रुवारी लागला की अकाउंट्सकडून निरोप येतो : ट्रेनिंगच्या हेडखाली एवढे पैसे शिल्लक आहेत, ३१ मार्चच्या आत वापरा, नाहीतर पुढच्या वर्षी तेवढे कमी मंजूर होतील. मग एखाद्या हॉटेलचा हॉल ठरतो, ‘कम्युनिकेशन स्किल्स’ होतं, जेवणात गुलाबजाम असतात आणि मॅनडेजचा आकडा भरतो. भोसरी-चाकण पट्ट्यात प्रशिक्षण विभागात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना यात नवीन काही नाही. मीही त्यातलीच. हा पैसा हॉटेलवर घालवण्यापेक्षा आपल्या पुरवठादाराच्या कारखान्यात प्रत्यक्ष हाताने काम शिकण्यावर घालवावा, असं आमच्या कंपनीत ठरलं आणि आम्ही ते करून पाहिलं. कल्पना उत्तम आहे, आजही मी तिच्याच बाजूने बोलते. पण तिच्या वाटेत काय काय आडवं येतं हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं काम ओतीव भाग मशीन करून वाहन कंपन्यांना देण्याचं. कास्टिंग येतात कोल्हापूरकडून. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातून. शेतीच्या पंपांना लागणारी ऑइल इंजिनं बनवता बनवता वाढलेला हा धंदा आज देशभरच्या वाहन आणि पंप कारखान्यांना कास्टिंग पुरवतो. आमचे डिझाइन इंजिनीअर हुशार, स्क्रीनवर मॉडेल गरागरा फिरवतात. जाड आणि बारीक भिंत शेजारी आली की जाड भाग उशिरा थिजतो आणि आत पोकळी राहते, हे त्यांनी कॉलेजात परीक्षेत लिहिलेलं असतं. तरी तीच चूक ड्रॉइंगमध्ये पुन्हा येते. आणि ती पोकळी दिसते कधी? आमच्या मशीनवर अर्धं काम झाल्यावर, ड्रिल आत गेल्यावर. म्हणजे कास्टिंगही गेलं आणि त्यावरचं मशिनिंगही.

म्हणून पहिली तुकडी कोल्हापूरला गेली. पुरवठादार तो, आम्ही ग्राहक. त्याने काय करावं? गेटवर रांगोळी, स्वागताचा बोर्ड, कॉन्फरन्स रूममध्ये प्रेझेंटेशन, हेल्मेट घालून प्लांटमधून एक फेरी, दुपारी तांबडा-पांढरा. मालक स्वतः वाढायला उभे. पोरं खूश होऊन आली, फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या ज्या चार पायऱ्या १९५९ पासून मांडल्या, त्यातली ही पहिली : माणसाला आवडलं का? बहुतेक कंपन्यांची शिडी तिथेच संपते. कामात काही फरक पडला का, ही तिसरी पायरी. आमच्याकडे कशातच फरक पडला नव्हता.

दुसऱ्या खेपेला आम्ही कळवलं, पाहुणचार नको, कामाला लावा. त्यांनी खरोखर लावलं. यात्रेचे दिवस होते, गावोगावची माणसं रजेवर. आमच्या पोरांनी फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंगला चिकटलेली जादा धातूची कड ग्राइंडरने घासून काढण्याच्या कामात, शिफ्टच्या शिफ्ट काढल्या. हात दुखले, धूळ खाल्ली. दोघांनी मला फोनवर विचारलं, ‘मॅडम, आम्ही इथे शिकायला आलोय की बदली कामगार म्हणून?’ प्रश्न रास्त होता. हात चालले म्हणजे शिक्षण झालं असं नाही. पण पुरवठादाराचाही दोष मला फारसा वाटत नाही. आम्ही नुसतं ‘कामाला लावा’ म्हटलं होतं, कुठलं काम ते कोणीच लिहून दिलं नव्हतं.

माझं पहिलं सांगणं हेच, की जाताना विषय नेऊ नका, एक ठरलेलं काम न्या. ‘फाउंड्री प्रक्रिया समजून घेणे’ हा विषय झाला, त्यावर फक्त फेरी मारता येते. ‘अमुक नंबरच्या भागाचा पॅटर्न स्वतःच्या हाताने वाळूतून काढणे, कोअर बसवणे, ओतलेल्या बॉक्सचा नॉकआउट करून आपलंच कास्टिंग कापून बघणे’ हे काम. आणि तो भाग शक्यतो त्यानेच काढलेल्या ड्रॉइंगचा असावा. आमच्या एका मुलाने बाजूची भिंत अगदी उभी सरळ काढली होती, उतार दिलाच नव्हता. ड्रॉइंग तपासताना ‘ड्राफ्ट द्या’ असं त्याला सांगितलं की तो मान डोलवायचा. मोल्डिंगच्या मेस्त्रींनी त्यालाच पॅटर्न उचलायला लावला. ओल्या वाळूची कड पॅटर्नबरोबर उखडून आली. पुन्हा बॉक्स भरला, पुन्हा तेच. मेस्त्री म्हणाले, ‘बगा सायेब, वाळू सांगत्या तुमाला.’ त्यानंतर ड्राफ्टबद्दल त्याला कोणी काही सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पॅटर्न शॉपमध्येही असाच धक्का मिळतो. तिथली फूटपट्टी मुद्दाम मोठी असते, ग्रे आयर्नसाठी मीटरमागे साधारण १० मिलिमीटरने, कारण धातू थिजून थंड होताना तेवढा आकसतो. ती पट्टी हातात घेतली की संगणकावरच्या शून्य पूर्णांक शून्य काही मिलिमीटरची मिजास जरा उतरते.

आता पैशाचं. लोकांना वाटतं बजेट आहे म्हणजे झालं. बजेटमधून प्रवास मिळतो, लॉज मिळतं, जेवण मिळतं. ज्याच्याकडून शिकायचं त्या माणसाचा वेळ मात्र त्यात नसतो. ज्या मेस्त्रींनी आमच्या मुलाला वाळू दाखवली, त्यांच्या टोळीचे पैसे बॉक्सवर होते. जितके बॉक्स भरतील तितका दाम. एका शिकाऊ साहेबाला बाजूला उभं करून समजावून सांगायचं म्हणजे त्या दिवशी टोळीचे बॉक्स कमी. हे नुकसान कोणाचं? मालक म्हणतो ग्राहकाला नाही कसं म्हणू, ठेकेदार म्हणतो मला कोण देणार, आणि मेस्त्री काहीच म्हणत नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून जरा लांब उभे राहतात. शिकवणं तिथेच संपतं आणि कारण कुणाला कळतही नाही.

म्हणून मी म्हणते, हॉटेल स्वस्त घ्या आणि तो पैसा तिकडच्या माणसाच्या वेळेवर घाला. हे करायला गेलात की आपलंच अकाउंट्स आडवं येतं, त्याची तयारी आधी ठेवा. त्यांच्या कोष्टकात प्रशिक्षण म्हणजे संस्था, ट्रेनरचा बायोडाटा, हजेरीपट, प्रमाणपत्र आणि बिल. फाउंड्रीने ट्रेनिंगचं बिल पाठवलं की पहिला प्रश्न, हा तर कास्टिंगचा व्हेंडर, याचं ट्रेनिंगचं बिल कसं? त्यावर १८ टक्के जीएसटी, मग टीडीएस कुठल्या कलमाखाली कापायचा यावर दोन बैठका. मेस्त्रींना थेट मानधन द्यायचं तर पॅन कार्ड, बँक तपशील, आणि कंपनीच्या कामगाराला परस्पर पैसे दिल्याबद्दल मालकाची नाराजी. आमच्याकडे शेवटी जे चाललं ते असं : पुरवठादाराच्या बिलातच एक वेगळी ओळ, ‘प्रशिक्षणासाठी दिलेल्या कुशल माणसाच्या वेळेची भरपाई’, आणि मालकांशी आधीच झालेलं बोलणं, की ही रक्कम त्या टोळीच्या हिशेबात चढेल. ती चढली का, हे आमचा माणूस मेस्त्रींनाच विचारून घ्यायचा. ऑडिटची काळजी असेल तर वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणक, आयएटीएफ १६९४९, मदतीला येतं. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कलम ७.२.२ हे कामावरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचंच आहे, नव्या किंवा बदललेल्या जबाबदारीच्या माणसांसाठी. प्रमाणपत्राच्या कागदापेक्षा त्या कलमाचा आधार अकाउंट्सला लवकर पटतो.

सगळ्यात मोठा घोळ मात्र पैशाने नाही, एका चांगल्या अहवालाने झाला. एका मुलीने फार मन लावून काम केलं होतं. कुठल्या भागात किती रिजेक्शन, ओतलेल्या धातूपैकी किती कास्टिंगमध्ये जातो (म्हणजे यील्ड) आणि किती रनर-रायझरमध्ये राहून पुन्हा भट्टीत येतो, रात्रपाळीला बॉक्स का कमी होतात, सगळं तिने नीट मांडलं. आमच्या अहवालाच्या नमुन्यात ‘संभाव्य खर्चबचत’ असा एक रकाना होता, तोही तिने इमानाने भरला. अहवालाची प्रत रिवाजाप्रमाणे सगळ्या विभागप्रमुखांना गेली. त्यात परचेसही आलं. पुढच्या दरवाटाघाटीत परचेसच्या माणसाने तेच आकडे टेबलावर ठेवले, ‘तुमचा यील्ड एवढा आहे, मग दर एवढा कसा?’

मालक काही बोलले नाहीत. कोल्हापूरचा माणूस तोंडावर भांडला तर बरं असतं. पुढच्या तुकडीचं पत्र गेलं तेव्हा उत्तर आलं, सध्या ऑडिट चालू आहे. मग शटडाउन होता. मग फर्नेसचं काम निघालं. ती मुलगी मात्र रडकुंडीला आली, कारण तिला घरच्यासारखं वागवणाऱ्या लोकांच्या नजरेत ती हेर ठरली होती.

अशा वेळी आपल्याकडे लगेच गोपनीयतेचा करार काढतात. करार आमच्याकडेही होता. पण तो माहिती कंपनीबाहेर जाऊ नये म्हणून असतो. इथे माहिती बाहेर गेलीच नव्हती, आपल्याच कंपनीत एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेली होती. तेव्हा जाण्याआधी दोन पानांचं साधं पत्र करा : शिकाऊ माणूस काय लिहील, ते कोण वाचेल, कुठले आकडे तिथेच राहतील. त्यावर पुरवठादाराची सही हवी, तशी आपल्या परचेस प्रमुखांचीही, की या अहवालातला एकही आकडा दर ठरवताना वापरणार नाही. ते सही करायला कुरकुरले, तर समजा की पत्र लिहिलं हे बरं झालं. आणि अहवालातला तो खर्चबचतीचा रकाना काढूनच टाका. शिकायला गेलेल्या माणसाकडून पहिल्याच फेरीत बचत मागणं म्हणजे त्याला ऑडिटर बनवणं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण हे वगळू नका. ग्रे आयर्न ओतताना साधारण १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि ओलसर जागेवर सांडलं की उसळतं. आमच्या कंपनीने उत्साहाने मुलांना लोगोवाले टी-शर्ट दिले होते, चांगले चकचकीत पॉलिएस्टरचे. ठिणगी पडली की पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. तिकडच्या सेफ्टी ऑफिसरने गेटवरच ते उतरवायला लावले म्हणून निभावलं. जाड सुती कपडे, पटकन काढता येतील असे बिनलेसचे सेफ्टी बूट, पायावर गेटर, आणि हे सगळं फाउंड्रीच्या माणसाला विचारून घ्या, आपल्या स्टोअरला नको. विम्याचंही बघा. ईएसआयची वेतनमर्यादा महिन्याला २१,००० रुपये, आपले इंजिनीअर बहुतेक तिच्यावर. म्हणजे त्यांच्यासाठी कंपनीची गट अपघात पॉलिसी हाच आधार, आणि ती दुसऱ्याच्या कारखान्यात, यंत्राला हात लावताना लागू आहे का हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. ‘असेलच’ यावर जाऊ नका.

परत आल्यावरचं दुखणं निराळं. मुलं डोळे उघडून येतात, पहिल्याच आठवड्यात तीन ड्रॉइंग बदलायची म्हणतात. इथे त्यांना कळतं, की चालू भागाच्या ड्रॉइंगमधली एक गोलाई वाढवायची तर बदलाची नोंद, ग्राहकाची मंजुरी, नवे नमुने, पुन्हा मोजमाप, असा महिन्यांचा प्रवास असतो. वरिष्ठ म्हणतात, चालू भागाला हात लावू नकोस. त्यांचंही खोटं नाही. पण मग शिकलेलं वापरायचं कुठे? आमच्याकडे उपाय सापडला तो असा, की जाण्याआधीच अजून ड्रॉइंग गोठलेलं नाही असा एखादा नवा भाग त्याच्या नावावर लावायचा. परत आला की त्याच भागावर बसायचं, आणि पॅटर्न बनण्याआधी तिकडच्या मेस्त्रींना ड्रॉइंग दाखवायचं. हा एक फोन कित्येक ट्रेनिंगांपेक्षा जास्त काम करतो.

जायची वेळही विचारून ठरवा. आपल्याला मार्चमध्ये पैसे संपवायचे असतात, आणि मार्चमध्येच तिकडे डिस्पॅचची झुंबड. तेव्हा तुमच्या पोराकडे बघायला कोणालाही सवड नसते. एप्रिलमध्ये नवं बजेट उघडलं की लगेच पत्र टाका, आणि पावसाळ्यातले गणपतीआधीचे आठवडे मागा.

शेवटचा वाद बाँडचा. अशा प्रशिक्षणाचा विषय निघाला की एचआरमध्ये कोणीतरी म्हणतंच, खर्च करतोय तर दोन वर्षांचा बाँड घ्या. मी याच्या विरुद्ध आहे. करार कायद्याच्या कलम ७४ खाली रक्कम कितीही मोठी लिहिली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लॉज व बसभाड्याची वाजवी भरपाई ती किती असणार? वर, बाँडवर सही करून गेलेला माणूस शिकण्याआधीच पोलीस ठाण्यातून आल्यासारखा वागतो. आम्ही बाँड घेतला नाही. त्यांच्यातले काही पुढे नोकरी सोडून गेले, जाणारच होते. एक तर थेट त्या फाउंड्रीतच लागला, मेथड्स विभागात, आणि आमचे साहेब मालकांवर दोन दिवस धुमसत होते. आता आमचं नवं ड्रॉइंग तिकडे गेलं की तोच फोन करून कुठली भिंत जाड झाली आणि कुठे ड्राफ्ट राहिला ते सांगतो. पूर्वी हेच मुद्दे पुरवठादाराकडून मेलवर यायचे तेव्हा आमचा डिझाइन विभाग त्यांना वितंडवाद म्हणायचा. त्याच्या फोनला ड्रॉइंग उघडून बसतात.