भ्रमणध्वनीच्या वाहिन्या : बोलणे आणि माहिती यांची वाटणी

आठवडी बाजाराच्या दिवशी रेशन दुकानापुढे रांग लागावी आणि नेमके तेव्हाच ई-पॉस यंत्राची जोडणी तुटावी, हा अनुभव अनेक गावांना नवा नाही. भोवतालच्या लोकांचे फोनवरील बोलणे मात्र चालूच असते. यंत्र दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे टू-जी सेवेवर चालत असेल, तर या कोड्याचे उत्तर बहुधा वाहिन्यांच्या वाटणीत सापडते.

जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्‌झ रुंदीची एक वाहक लहर आठ जणांना आळीपाळीने दिली जाते. आठांची फेरी सुमारे ४.६ मिलिसेकंदांत पुरी होत असल्याने बोलणे तुटक वाटत नाही. एकच लहर असलेल्या लहान मनोऱ्यावर एक पाळी सूचनांच्या देवघेवीत खर्च होते, उरतात सात.

संभाषण ही पाळी अखेरपर्यंत अडवून ठेवते. माहितीचे तसे नाही. ती तुकड्यातुकड्यांनी जाते आणि थोडी थांबूही शकते. म्हणून जीपीआरएस सेवेत माहिती रिकाम्या पाळ्यांतून नेतात आणि नवे संभाषण आले की तिला सहसा जागा सोडावी लागते. बाजाराच्या गर्दीत यंत्र अडते ते यामुळे.

मग काही पाळ्या माहितीसाठी कायम राखून का ठेवू नयेत? डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्राने याचा हिशेब करता येतो. शंभरात दोनहून अधिक संभाषणे नाकारली जाऊ नयेत आणि प्रत्येक संभाषण सरासरी दोन मिनिटांचे असावे, असे धरले तर सात पाळ्यांवर तासाला सुमारे ८८ संभाषणांचा भार पेलतो. एक राखून ठेवल्यास ६८, दोन राखल्यास अवघा ५०. पाळ्या सातांतून दोनच गेल्या, पण क्षमता चाळीस टक्क्यांहून अधिक घटली! रुग्णवाहिकेसाठी केलेला फोनही याच पाळ्यांवर अवलंबून असतो, हे विसरता येत नाही. म्हणून एखादी पाळी राखीव आणि बाकीच्या सामाईक, ही तडजोड लहान मनोऱ्यावर अधिक शहाणपणाची ठरते.

चौथ्या पिढीत बोलणेही माहितीच्याच तुकड्यांतून नेता येते. कोणाला किती जागा द्यावयाची हे तेथे दर मिलिसेकंदाला ठरते. बोलण्याच्या तुकड्यांना अग्रक्रम असतो. पण ते इतके लहान असतात की माहितीची वाट त्यांच्यामुळे फारशी अडत नाही. तेथे गर्दी होते ती मुख्यतः चित्रफितींची.