रामा शेट्टीची शिकवण

१. आवाज चढवला की खलनायक झाला, अशी आम्हा हौशी नटांची समजूत होती. आमच्या तिसगावात नाटक बसलं की पाटलाचं काम करणाऱ्याचा घसा पहिल्याच अंकात बसायचा. मग १९८३चा ‘अर्धसत्य’ पाहिला. ओम पुरींचा वेलणकर आतून पेटलेला, आणि त्याच्यासमोर सदाशिव अमरापूरकरांचा खलनायक रामा शेट्टी गप्पा मारल्यासारखा निवांत बोलतोय. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला ओरडावं लागत नाही. हल्ली तालमीत मी खलनायकाला खुर्चीत बसवतो आणि सगळे संवाद हळू आवाजात म्हणून घेतो. जे वाक्य तसं म्हणूनही धाक देतं, तेवढंच त्याला पुढं मोठ्यानं म्हणू देतो.

२. अमरापूरकरांना हा सिनेमा मिळाला तो नाटकामुळं. ‘हँड्सअप’ नाटकातलं त्यांचं काम ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शक गोविंद निहलानींनी पाहिलं आणि रामा शेट्टी त्यांच्याकडं आला. अमरापूरकर आमच्या नगरचेच. गावाकडच्या पोरांना हे मी मुद्दाम सांगतो. मुंबईला फोटो घेऊन पळण्याआधी राज्य नाट्य स्पर्धेत उभं राहा.

३. लुगडं नेसलेला पुरुष रंगमंचावर आला की हशा ठरलेला. ‘सडक’मधली (१९९१) अमरापूरकरांची तृतीयपंथी महाराणी पाहताना कुणी हसलं नाही. त्या कामाला खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं, त्या गटातलं पहिलंच. तृतीयपंथी म्हणजे क्रूर, हे चित्र मला आज खटकतं. अभिनय मात्र विसरता येत नाही.

४. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोलाचं काम सगळ्यात छोटं आहे. ‘बॉम्बे टॉकीज’मधल्या (२०१३) दिबाकर बॅनर्जींच्या कथेत नवाझुद्दीन सिद्दिकी हा हरलेला नट. त्याला हिरोला धडकून जाणाऱ्या माणसाचं क्षणभराचं काम मिळतं आणि तो खट्टू होतो. तेव्हा त्याचे दिवंगत नाट्यगुरू त्याच्यापुढं उभे राहून त्याला खडसावतात. ते गुरू म्हणजे अमरापूरकर. मूळ कथा सत्यजित राय यांची, पण तो गुरू मला पक्का मराठी तालमीतला वाटतो.

आमच्याही एका नाटकात असंच छोटं काम होतं: पोस्टमन तार देतो आणि जातो, एवढंच. कुणी घेईना. शेवटी ज्यानं घेतलं त्याला विचारलं, “सायकल कुठून मारत आलास? ऊन किती होतं?” दुसऱ्या दिवशी तो टोपीनं मान पुसत आला, तार हातातच धरून आधी तांब्याभर पाणी मागितलं. तो पाणी पीत होता तेवढा वेळ मांडवात सगळ्यांची नजर त्या तारेवर.

५. नटानं रंगमंचाबाहेरही भूमिका घ्यावी. २०१३च्या दुष्काळात मुंबईत होळीसाठी पाण्याची नासाडी चालली होती. अमरापूरकरांनी हटकलं आणि त्यांना मारहाण झाली. त्या उन्हाळ्यात आमचा पाथर्डी तालुका टँकरवर जगत होता. आमच्या मंडळाची रंगपंचमी तेव्हापासून कोरडीच होते.